मुक्कामी गाडी : भंडारा जिल्ह्यातील एस.टी.ची हकिकत

सरकार खेड्यात येते ते बहुधा दौऱ्यावर येते. मोजणीचा अंमलदार शिवार मोजून, वसुलीचा कामगार सारा घेऊन, पंचनाम्याला आलेला नायब तहसीलदार कागदावर पंचांचे अंगठे उमटवून दिवस मावळण्यापूर्वी आपापल्या कचेरीच्या वाटेला लागतात, आणि गावाची रात्र गावाच्याच स्वाधीन राहते. भंडारा जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत मात्र सरकारचे एक अंग असे झाले, की ते दिवेलागणीच्या सुमारास गावात येई, पारापाशी रात्रभर विसावे, आणि कोंबडा आरवण्याच्या वेळी गावातल्या गरजवंतांना बरोबर घेऊनच निघे. ते अंग म्हणजे राज्य परिवहनाची मुक्कामी गाडी. या जिल्ह्याचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास कोणी केवळ राजवटींच्या फेरबदलांवरून लिहू म्हणेल तर लिहो. पण सामान्य रयतेच्या जिण्यात खरा पालट केव्हा झाला, हे ज्याला जाणून घ्यावयाचे असेल, त्याने ही गाडी कोठून निघाली, कोणत्या अडचणी ओलांडून गावच्या पारापर्यंत पोहोचली आणि तेथे निजू लागल्याने काय घडले, याचा मागोवा घेतला पाहिजे.

नागपुराच्या पूर्वेस सुमारे ६० किलोमीटरवर वैनगंगेच्या काठी भंडारा शहर वसले आहे, आणि त्याच्या भोवतीचा व पलीकडचा मुलूख झाडीपट्टी या नावाने ओळखला जातो. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत भंडाऱ्याची हद्द उत्तरेस बालाघाटला आणि पूर्वेस राजनांदगावकडील अरण्याला भिडलेली होती. वैनगंगा, बावनथडी, सूर, चुलबंद अशा नद्या. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ज्यांना जमिनीचा उतार नुसत्या नजरेने कळे अशा कोहळी मंडळींनी बांधलेले हजारो तलाव. त्या तलावांच्या पोटाशी पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या. आणि बांध्या संपताच सुरू होणारे सागाचे, मोहाचे व तेंदूचे रान, असे या प्रदेशाचे रूप आहे. वर्षाकाठी सरासरी १,३०० मिलिमीटरच्या घरात येथे पाऊस पडतो, आणि त्याच्या बळावर धान पिकते. परंतु ज्या पाण्याने ही भूमी पोसली, त्याच पाण्याने वर्षाचे चार महिने तिची वाटही अडविली. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटून रोवणी सुरू झाली, की एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्यास बांध्यांच्या धुऱ्यांवाचून दुसरा मार्ग उरत नसे. आणि धुरा म्हणजे एका माणसाने एका वेळी तोल सांभाळीत चालावयाची जागा. आजाऱ्याला न्यावयाचे तर खाटेला बांबू बांधून चौघांनी खांद्यावर घ्यावयाचे, आणि नदी आडवी आली तर डोंग्याची वाट पाहत काठावर बसावयाचे, अशी रीत होती.

इंग्रजी अंमलात हा जिल्हा मध्य प्रांतात मोडत असे. कारभाराच्या सोयीसाठी त्याच्या भंडारा, साकोली व गोंदिया अशा तीन तहसिली केलेल्या होत्या, आणि गावोगावचा सारा गोळा करण्याची जबाबदारी मालगुजारांकडे होती. त्या काळी प्रवास ही गोष्ट माणसाच्या ऐपतीप्रमाणे ठरत असे. मालगुजाराची रेंगी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, असे, सधन कास्तकाराची बंडी असे, आणि बाकीच्यांचे पाय असत. फौजदारी वा दिवाणी कामाची तारीख पडली, की साकोलीकडच्या माणसाने आदल्या दिवशी भाकरी बांधून निघावे, वाटेत कोणाच्या तरी ओसरीवर पडावे आणि दुसऱ्या दिवशी पुकारा होण्यापूर्वी कचेरीचे आवार गाठावे. सरकारी अंमलदाराचा तळ गावात पडला, तर त्याच्या सामानासाठी बंड्या जुंपण्याची बेगार गावाच्याच माथी येई. म्हणजे सरकारला खेड्यात यावयाचे झाल्यास गाडी खेड्याने द्यावयाची, आणि खेड्याला सरकारकडे जावयाचे झाल्यास चालतही खेड्यानेच जावयाचे, असा हा व्यवहार होता. पुढे जे घडले त्याचे मोल समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

या मुलखात चाकांचा पहिला मोठा आवाज आला तो आगगाडीचा. १८८० च्या सुमारास नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग या जिल्ह्यातून गेला. १८८७ साली बेंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन होऊन तिने तो रुंद केला. आणि विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून एक अरुंद मार्ग सातपुड्याकडे आणि दुसरा नागभीड-चांद्याकडे निघाल्याने गोंदिया हे मोठे जंक्शन बनले. धान, लाकूड आणि तुमसरकडील खाणींतले मँगनीज यांना या मार्गाने मोठी बाजारपेठ मिळाली, यात संशय नाही. परंतु माणसांच्या दृष्टीने पाहिले, तर आगगाडी या जिल्ह्याच्या कडेकडेने गेली, असेच म्हणावे लागते. भंडारा रोड, तुमसर रोड, पवनी रोड ही स्थानकांची नावेच पाहावीत. ज्या स्थानकाच्या नावापुढे ‘रोड’ हा शब्द लागला, ते स्थानक त्या गावात नसून त्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, असा त्याचा अर्थ. जिल्ह्याच्या मुख्य शहराचे स्थानक शहरापासून सुमारे १० किलोमीटर दूर वरठीला. मग लाखांदूर, अड्याळ वा दिघोरीच्या माणसाची काय कथा! गाडीतून उतरल्यावर उरलेला पल्ला त्याचा त्यालाच तोडावा लागे.

तो पल्ला तोडण्यासाठी पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात खाजगी मोटारी धावू लागल्या. नागपूरहून भंडारा, लाखनी, साकोली, देवरी असा रायपूरकडे जाणारा जुना हमरस्ता, ज्याला इंग्रजी दप्तरात ग्रेट ईस्टर्न रोड म्हणत, तो या वाहतुकीचा मुख्य प्रवाह होता. लाकडी सांगाड्याच्या, बाजूंनी उघड्या, टपावर कोंबड्यांच्या खुराड्यांपासून धानाच्या पोत्यांपर्यंत सर्व काही लादलेल्या त्या मोटारींनी लोकांना वेगाची ओळख करून दिली खरी. पण त्यांना वेळापत्रक असे नव्हते. उतारू भरले की मोटार निघावयाची आणि न भरले तर निघावयाची नाही; भाडे मालकाच्या मर्जीचे; आणि पावसाळा लागला, की कच्च्या रस्त्यावरच्या फेऱ्या बंद. देशभर चाललेल्या या अनिर्बंध स्पर्धेला आळा घालण्यासाठी १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला आणि मार्गांसाठी परवाने लागू झाले. तेवढ्यात महायुद्ध पेटले, पेट्रोलवर नियंत्रण आले, आणि हिंदुस्थानात ठिकठिकाणी मोटारींच्या पाठीमागे कोळशाच्या वायूची भट्टी बसवून त्या ओढीत नेण्याची पाळी आली. हमरस्त्यावरून मोटार जात होती. हमरस्त्यापासून दोन-चार कोस आत राहणाऱ्या माणसाला तिचा कर्णा ऐकू येई, पण तिची पायरी लाभत नसे.

प्रवासी वाहतूक हा केवळ व्यापार नसून लोकांची सोय आहे, आणि म्हणून ती लोकांच्या सरकारने चालविली पाहिजे, हा विचार स्वातंत्र्याबरोबर बळावला. तिकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर यांच्या दरम्यान सरकारी गाडी धावली आणि एस.टी. या दोन अक्षरांचा जन्म झाला. पण त्या वेळी भंडारा मुंबई राज्यात नव्हते. येथे नागपूर ही राजधानी होती, आणि सी. पी. ट्रान्स्पोर्ट सर्व्हिसेससारख्या कंपन्यांमार्फत, व पुढे प्रोव्हिन्शियल ट्रान्स्पोर्ट सर्व्हिसेस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरकारी सेवेमार्फत, विदर्भातली वाहतूक क्रमाक्रमाने खाजगी मालकांकडून सरकारी व्यवस्थेकडे आली. त्याच सुमारास, १९५१ साली, मध्य प्रदेशात, म्हणजे पूर्वीच्या मध्य प्रांतात, मालगुजारी रद्द झाली. या दोन घटनांचा संबंध कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात सांगितलेला नाही. तथापि मला तो अत्यंत निकटचा वाटतो. गावाच्या वेशीवर ज्याची रेंगी उभी असे त्याची सत्ता जावी, आणि त्याच वेशीवर जिच्यात कोणीही तिकीट काढून बसावे अशी गाडी यावयास लागावी, हा एकाच परिवर्तनाचा दुहेरी आविष्कार होय.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. आणि १९६१ साली मुंबई राज्याची एस.टी., मराठवाड्यातली जुन्या निजामी राजवटीपासून चालत आलेली सरकारी मोटारसेवा आणि विदर्भातली प्रोव्हिन्शियल सेवा यांचे एकत्रीकरण होऊन महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाचे आजचे स्वरूप सिद्ध झाले. भंडाऱ्याच्या माणसाच्या दृष्टीने या घडामोडीत एक विलक्षण गोष्ट होती. ६० किलोमीटरवरची राजधानी त्याच्या हातून गेली होती, आणि नवी राजधानी समुद्रकाठी, सुमारे ९०० किलोमीटरवर जाऊन बसली होती. जिच्या एका अंगाला हिंदी, दुसऱ्या अंगाला छत्तीसगडी, आणि घराघरांत झाडीबोली, पोवारी व गोंडी बोलली जाते, अशा या सरहद्दीवरल्या भूमीला आपण मराठी राज्यात आलो याची प्रत्यक्ष ओळख पटावी असे त्या दूरच्या राजधानीतून कितीसे येणार? पुष्कळ गावांना ती ओळख पटली ती कपाळावर देवनागरीत गावाचे नाव मिरवणाऱ्या तांबड्या गाडीने. आपल्या गावाचे नाव एका पाटीवर रंगवून सरकार ते जिल्हाभर फिरवीत आहे, हे दृश्य लहान नव्हते.

तरीही पाटी रंगविणे सोपे आणि गाडी पोहोचविणे कठीण, असा पुढील वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. गाडीपूर्वी रस्ता लागतो, रस्त्यापूर्वी मोरी लागते, आणि मोरीपूर्वी मंजुरी लागते. सत्तरीच्या दशकात दुष्काळी कामांतून व पुढे रोजगार हमीतून महाराष्ट्रभर मातीचे व खडीचे रस्ते झाले. जिल्हा परिषदांनी गावे जोडण्याची योजना धरली. आणि जसजसा खडीचा रस्ता सरकत गेला, तसतसा गाडीचा शेवटचा थांबा त्याच्या मागोमाग सरकत गेला. आधी गाडी फाट्यापर्यंत, मग शाळेपर्यंत, मग पारापर्यंत. आपल्या बोलीत ‘फाटा’ या शब्दाला जो भावार्थ चिकटला आहे, तो या काळाची देणगी होय. फाटा म्हणजे रस्ता जेथे फुटतो ती जागा. पण त्याहून अधिक, ज्या चिंचेखाली वा टपरीशेजारी उभे राहून गावाने आपल्या लेकींना सासरी धाडले, पोरांना परीक्षेला पाठविले आणि परगावच्या पाहुण्यांना ओवाळल्यागत सामोरे जाऊन आणले, ती जागा. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली, तिरोडा आणि गोंदिया ही सहा आगारे मिळून भंडारा विभाग झाला. जिल्हे दोन झाले, पण एस.टी.चा विभाग अखंड राहिला; साकोलीची गाडी नवी सीमारेषा ओलांडून पूर्वीप्रमाणेच अर्जुनी-मोरगावच्या रानात शिरत राहिली.

आता त्या मुक्कामी गाडीकडे वळू. आगाराच्या कारभारी दृष्टीने पाहिले तर तिची कल्पना साधी आहे. शेवटच्या फेरीने जी गाडी दूरच्या गावी गेली, ती रात्री रिकामी परत आणण्यापेक्षा तेथेच ठेवावी आणि पहाटे तीच पहिली फेरी म्हणून सोडावी, म्हणजे डिझेल वाचते व गावालाही सोय होते. पण या साध्या हिशेबात गावाचे सारे दिनमान बदलून टाकण्याची शक्ती होती. संध्याकाळी साडेसात-आठला बांध्यांच्या पलीकडून तिचे दिवे दिसू लागत; बेडकांच्या आवाजात तिच्या यंत्राची घरघर मिसळे; आणि ओसरीवर बसलेला म्हातारा, “मोटार आली जी,” असे म्हणून घरात वर्दी देई. ती वर्दी मिळताच चुलीवर भात चढे, कारण बाजाराला गेलेला माणूस त्याच गाडीने येणार. गाडी पारापाशी वळून, तोंड पुन्हा रस्त्याकडे करून उभी राही. चालक खाली उतरून चाकांना दगड लावी. वाहक दिव्याच्या उजेडात तिकिटांचा पत्र्याचा ट्रे मांडीवर घेऊन जाडजूड बोटांनी उरलेली तिकिटे मोजी, विकलेल्यांचे आकडे मार्गपत्रकावर उतरवी, नाणी वेगळी व नोटा वेगळ्या करी, आणि हिशेब जुळला की ती चामडी पिशवी उशाशी घेऊन गाडीतल्याच लांब बाकावर, नाहीतर ग्रामपंचायतीच्या खोलीत, अंग टाकी. कोणाच्या घरून तांब्याभर पाणी येई, कोणाकडून शिळोप्याच्या गप्पांना बोलावणे येई. डासांनी, थंडीने आणि अपुऱ्या सोयींनी या दोघा माणसांच्या कित्येक रात्री जागरणात गेल्या. त्यांच्या त्या जागरणावरच गावाची पहाट उभी होती, हे विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल.

आणि ती पहाट! पाच-साडेपाचला यंत्र सुरू करून तापत ठेवले, की गाव हळूहळू त्या आवाजाभोवती गोळा होई. दुधाचा कॅन घेतलेला गवळी, ओल्या फडक्यात भाजीचे गाठोडे बांधलेली बाई, तारखेला निघालेले दोघे भाऊ, जे एकाच दाव्यात वादी-प्रतिवादी असूनही एकाच बाकावर बसत, तापाने फणफणलेले लेकरू पदराखाली घेतलेली आई, आणि वह्या छातीशी धरलेली शाळकरी मुले. “समोर सरका जी, समोर,” असे म्हणत वाहक गर्दीतून वाट काढी. चिमट्याचा टक्‌टक् आवाज उमटे. सहा किलोमीटरचा एक टप्पा या हिशेबाने प्रत्येकाचे भाडे ठरे, आणि ते भाडे पाटलाला एक व मजुराला दुसरे असे नसे. ज्या समाजात कोणी कोणाच्या ओसरीवर कुठपर्यंत यावे याचे नियम शतकानुशतके ठरलेले होते, त्या समाजात रिकाम्या जागेवर जो आधी पोहोचेल तो बसेल, हा नियम कोणाही सुधारकाच्या व्याख्यानावाचून रोज पहाटे अमलात येत होता. डोक्यावरची घंटी दोनदा वाजली, की गाव निघाले.

गाडी केवळ माणसे नेत होती असेही नाही. शिक्षणासाठी भंडाऱ्याला वा साकोलीला खोली घेऊन राहिलेल्या पोरांचे जेवणाचे डबे तिच्यातून जात. आईने पहाटे उठून भात, वरण, वांग्याची भाजी भरावी, डब्याच्या झाकणावर खिळ्याने कोरलेले पोराचे नाव एकदा पुसून पाहावे, कापडी पिशवीचे तोंड सुतळीने बांधावे आणि ती पिशवी चालकाच्या हाती देऊन म्हणावे, “माह्या पोराले देजा जी, स्टँडवर येते तो.” पुढे स्टँडवर उतरलेल्या पिशव्यांच्या रांगेतून आपली पिशवी ओळखून मुलगा ती घेई, आणि संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा परत येई. धुऊन ठेवलेला डबा आला, म्हणजे पोर जेवले व बरे आहे, असे आईने समजावे. जेव्हा गावात दूरध्वनी नव्हता, तेव्हा एका रिकाम्या डब्याने पत्राचे काम केले. या पिढीतून जे शिक्षक, कारकून, परिचारिका व अभियंते निघाले, त्यांच्या विद्येत त्या डब्याचा, आणि तो बिनबोभाट पोहोचविणाऱ्या अनोळखी हातांचा वाटा आहे.

दिवाळी झाली, की झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात. आज या गावची, उद्या त्या गावची, अशी भाऊबीजेपासून मंडयांची रांगच लागते. दिवसा बाजार व दंडार हा लोकनाट्याचा खेळ, आणि रात्री मांडवात नाटक, जे दहा-अकराला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालावयाचे. बहिणी, जावई, भाचरे यांचे येणे-जाणे याच दिवसांत. अशा वेळी गाडीत पाय ठेवावयास जागा नसे. नाटकाचा पडदा पडावयास आणि मुक्कामी गाडीचे यंत्र सुरू व्हावयास एकच गाठ पडे. डोळ्यांत जागरण, कानांत रात्रीची पदे घेऊन आसपासच्या गावांचे लोक त्याच गाडीने धान कापावयास परत जात. महाशिवरात्रीला गायमुखच्या व प्रतापगडच्या यात्रेला जादा गाड्या सुटत. उद्योगासाठी, न्यायासाठी, उपचारासाठी जशी गाडी हवी, तशीच ती उत्सवासाठी व भेटीगाठीसाठीही हवी, हे ज्या व्यवस्थेला उमगले, तिला नुसती वाहतूक म्हणणे अपुरे आहे.

पाण्याशी झगडा मात्र संपला नाही. भंडाऱ्याजवळ कारधा येथे वैनगंगेवर इंग्रजी अमदानीतला ठेंगणा पूल आहे. नदी फुगली की तो पाण्याखाली जातो, आणि कारध्याला पाणी किती चढले यावरून आजही सारा जिल्हा पुराचा अदमास घेतो. आतल्या रस्त्यांवर पूल कमी आणि रपटे, म्हणजे ठेंगणे फरशीचे ओलांडे, अधिक. त्यांवरून पाणी वाहू लागले की गाडी अलीकडेच थांबे. पुष्कळदा चालक उतरून पाण्याच्या काठाशी जाई, खुणेचा दगड बुडाला की नाही ते पाही, आणि मग पुढे जावयाचे की परतावयाचे ते ठरवी. उतारूंपैकी कोणाला कितीही घाई असली तरी तो शब्द अखेरचा असे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुराने भंडाऱ्याच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा या नदीपुढे रस्त्याचे बळ किती तोकडे आहे, याचा प्रत्यय नव्या पिढीलाही आला. पवनीजवळ गोसीखुर्दचे धरण झाले, त्याच्या जलाशयासाठी जुनी गावे उठली, आणि नव्या गावठाणांना नवे रस्ते व नवे थांबे द्यावे लागले. नदीने वाट बदलली नाही तरी माणसाने नदीची जागा बदलली, आणि गाडीला पुन्हा पाराचा शोध घ्यावा लागला.

या सेवेने ज्यांचे आयुष्य सर्वांत अधिक बदलले, त्या मुली होत. गावात चौथी वा सातवीपर्यंत शाळा. पुढचे शिक्षण पाच-दहा किलोमीटरवर. आणि रानातल्या वाटेने एकट्या मुलीला पाठविण्यास आईबाप धजत नसत. मुलींसाठी अहिल्याबाई होळकरांच्या नावाने मोफत प्रवासाची सवलत सुरू झाली. आणि २०११ नंतर मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांना शाळकरी मुलींसाठी निळ्या रंगाच्या गाड्या मिळाल्या, ज्यांत या भागातील तालुक्यांचाही समावेश आहे. त्या निळ्या गाडीतून सकाळी खिदळत जाणाऱ्या मुलींचा आवाज ज्याने ऐकला आहे, त्याला या खर्चाचे समर्थन आकड्यांनी करण्याची गरज भासत नाही.

आणि तरीही आकड्यांनीच या सेवेला घेरले. भारमान, म्हणजे आसनांच्या मानाने उतारूंचे प्रमाण, हा शब्द आगाराच्या व्यवहारात प्रभावी झाला. ज्या फेरीचे भारमान घटे तिच्यावर काट मारली जाई. आणि खेड्यातली पहिली व शेवटची फेरी ही स्वभावतःच अशी, की एका बाजूने भरलेली गाडी दुसऱ्या बाजूने रिकामी धावावयाची. इकडे दुचाकी घरोघर आल्या. तिकडे स्टँडाबाहेर काळी-पिवळी, म्हणजे खाजगी प्रवासी टॅक्सी, उभी राहू लागली, जी भरल्यावाचून निघत नाही आणि भरली तरी थांबत नाही. शतकापूर्वीच्या खाजगी मोटारीचाच हा पुनर्जन्म. जून २०१९ मध्ये साकोलीहून लाखांदूरच्या दिशेने निघालेली अशी एक गाडी कुंभलीजवळ चुलबंद नदीच्या पुलावरून खाली कोसळली, आणि शिक्षणाच्या कामासाठी घराबाहेर पडलेल्या मुलींचेही प्राण त्यात गेले. वेळेवर येणारी, माणसे मोजून घेणारी सार्वजनिक गाडी ही चैनीची वस्तू आहे काय, याचे उत्तर त्या पुलाने दिले आहे.

पुढे २०२० च्या साथीत गाड्या थांबल्या; पण त्याच दिवसांत पायी निघालेल्या परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमांपर्यंत पोहोचविण्याचे काम एस.टी.नेच केले, आणि पूर्वेकडे जाणाऱ्यांची सीमा याच जुन्या हमरस्त्यावर, देवरीच्या पलीकडे होती. त्यानंतर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत कर्मचाऱ्यांचा दीर्घ संप झाला. शासनात विलीनीकरण व्हावे ही त्यांची मागणी. आणि ज्या माणसांनी आपल्या रात्री परगावच्या पारापाशी काढल्या, त्यांना आपण सरकारचे कोण, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार होता. संपानंतर चक्रे पुन्हा फिरू लागली. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील वृद्धांना मोफत आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्म्या भाड्यात प्रवास मिळू लागला, आणि गाड्या पुन्हा भरल्या. परंतु एकदा बंद पडलेली मुक्कामी फेरी परत सुरू करून घेणे, हे खंडलेला झरा पुन्हा वाहता करण्याइतके कष्टाचे असते.

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असे नाही. अमेरिकेत ॲरिझोना, न्यू मेक्सिको व युटा या तीन राज्यांत मिळून सुमारे ७०,००० चौरस किलोमीटरचा प्रदेश नाव्हाहो नावाच्या मूलनिवासी राष्ट्राचा आहे. जगातल्या अत्यंत संपन्न देशाच्या पोटात असूनही तेथील बहुतेक रस्ते मातीचे आहेत, वस्त्या दूरदूर विखुरलेल्या आहेत, आणि इस्पितळ, बाजार किंवा महाविद्यालय गाठण्यासाठी माणसाला शेकडो किलोमीटरचा पल्ला तोडावा लागतो. तेथे नाव्हाहोंच्या स्वतःच्या शासनाने नाव्हाहो ट्रान्झिट सिस्टिम या नावाची बससेवा उभी केली आहे. त्यांच्याकडे बर्फ वितळून चिखल होतो, आपल्याकडे मृगानंतर होतो. त्यांच्याकडे वाळवंट आडवे येते, आपल्याकडे बांधी. पण ज्याच्या दारी रस्ता संपतो, त्याच्यापर्यंत नफ्यासाठी कोणी जात नाही, आणि म्हणून तेथे समाजाने एकत्र येऊन जावे लागते, हा धडा दोन्ही ठिकाणी एकच आहे.

भंडाऱ्याच्या ग्रामपंचायतींच्या दप्तरांत आणि आगारांच्या आवक नोंदवहीत एका ठराविक मजकुराचे अर्ज सापडतील. विहीर मागणारे, शाळा मागणारे, पूल मागणारे अर्ज कोठेही असतात. पण ‘आमच्या गावी मुक्कामी गाडी पूर्ववत सुरू करण्यात यावी’ अशी विनंती, खाली सरपंचाची सही व शिक्का, आणि त्याखाली वेड्यावाकड्या अक्षरांतल्या सह्यांची व निळ्या अंगठ्यांची रांग, हा अर्ज निराळा आहे. पूर्वी ज्या गावाकडून अंमलदाराच्या तळासाठी बेगारीच्या बंड्या मागितल्या जात, त्याच गावाने आता सरकारची गाडी आपल्या पारापाशी रात्रभर उभी असावी, म्हणजे पहाटे आपल्याला कोणाच्या दारात जाऊन बैल मागावे लागणार नाहीत, एवढेच मागितले आहे. त्या अंगठ्यांतला एखादा अंगठा अशा बाईचा असतो, जिने एका रात्री कण्हणारे लेकरू मांडीवर घेऊन, उशाशी कंदील ठेवून, पारापाशी गाडी उभी आहे एवढ्याच धीरावर पहाट होण्याची वाट पाहिली होती.